बोलून लाईट लावायच्या आधी आपण फोन करून मोटर लावत होतो

सध्या आमच्या दारव्हा तालुक्यातही दोनचार घरी स्मार्ट स्पीकर, म्हणजे बोललेला हुकूम ऐकणारा डबा, दिसतो, आणि लोकं म्हणतात का हे शहरातलं फॅड गावात आलं. मला हे पटत नाही. घरातली वस्तू दुरून चालू-बंद करायची गरज आपल्याकडं शेतातून आली, घरात ती नंतर शिरली.

विदर्भात शेतीची थ्री फेज लाईन पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसात रात्रीची पाळी आली म्हणजे बाबा बॅटरी आन् काठी घेऊन निघत, धुऱ्यावर साप, तुरीत रानडुक्कर, आणि विहिरीवर पोचेपर्यंत लाईट गेलेली. म्हणून लोकांनी स्टार्टरवर ऑटोस्विच बसवले, लाईन आली का मोटर आपोआप सुरू. खरं म्हणजे आपलं पहिलं ऑटोमेशन हेच. पण एका लाईनवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठल्या का डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, एकदम लोड येतो आणि डीपी जळते, मग आठ-आठ दिवस पाणी नाही, म्हणून वीजवाले ऑटोस्विच काढा, कपॅसिटर लावा म्हणून सांगत राहिले.

मग मोबाईल स्टार्टर आला. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र बनवलं, त्याला २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं. पुढं बऱ्याच कंपन्यांचे असे डबे बाजारात आले. आमच्या विहिरीवरच्या डब्यात एक सिमकार्ड आहे, फोन लावला का आधी लाईन आहे का नाही ते मराठीत सांगते, मग फोनचं बटन दाबलं का स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर खटकन् ओढला जातो आणि मोटर लागते. बाबांनी पहिल्यांदा खाटेवर बसून मोटर लावली तेव्हा दोनदा फोन करून विचारलं, खरंच लागली का म्हणून.

बाहेरच्या देशात गोष्ट वेगळ्या रस्त्यानं गेली. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सनं एक्स-टेन काढलं, घरातल्या वायरिंगमधूनच सिग्नल पाठवून दिवे चालू-बंद करायची पद्धत. आवाज ओळखायचं काम तर त्याच्याही आधीचं, बेल लॅबची 'ऑड्री' १९५२ मध्ये फक्त आकडे ओळखत होती आणि आयबीएमचं 'शूबॉक्स' १९६२ मध्ये १६ शब्द. हे दोन धागे खऱ्या अर्थानं एकत्र आले ते २०१४ च्या नोव्हेंबरात ॲमेझॉनचा इको हा स्मार्ट स्पीकर आला त्यानंतर. भारतात तो २०१७ मध्ये आला, गूगल होम २०१८ मध्ये. इकोमधून बोलणारी अलेक्सा हिंदी शिकली २०१९ मध्ये, आणि गावात हा डबा कामाचा झाला तो तिथून.

कारण आईचे गुडघे गेले, रात्री उठून ओसरीच्या बटनापर्यंत जाणं तिला जमत नाही. आता ती पलंगावरून म्हणते, "अलेक्सा, आंगन की लाइट चालू करो", आणि मागून आपल्या मनानं "बाप्पा, लागला एकदाचा". घरात मराठी आन् स्पीकरसोबत हिंदी, विदर्भात याचं कोणाला नवल नाही, बाजारात आपण तसंच बोलतो. तरी माझं मत स्पष्ट आहे, ज्या बाईला उठून एक बटन दाबायलाही त्रास होतो तिला तिच्याच बोलीत हुकूम देता आला पाहिजे.

अडचण विजेचीच. स्पीकर फक्त आपलं नाव ऐकून जागा होतो, बाकी हुकूम इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर जातो आणि समजून परत येतो, म्हणजे राऊटर बंद तर सगळं मुकं. आम्ही राऊटर इन्व्हर्टरवर टाकला. स्मार्ट बल्बाची तर वेगळीच तऱ्हा, रात्री तीनला लाईट आली का तो स्वतःहून फुल उजेडात पेटे आणि सगळं घर जागं, लाईट आल्यावर बंदच राहण्याची सेटिंग ॲपमध्ये होती हे कळायला आम्हाला महिना लागला.

आता बाबा विचारतात, या अलेक्साला सांगितलं तर विहिरीवरची मोटर लागते का? विहिरीपर्यंत वायफाय नाही, म्हणून तिथं अजून तोच सिमवाला डबा, तोच फोन.