होमस्टे हवाय की आख्खा फ्लॅट? गोव्याला निघण्याआधी एवढं ठरवा

सुट्ट्या जवळ आल्या की सोलापुरात हमखास ऐकू येतं, "गोव्यात एखादा बरा होमस्टे सांगा की, आम्ही दहा जण आहोत, स्वयंपाक आमचा आम्ही करू." स्वयंपाक तुम्हीच करणार असाल तर तुम्हाला होमस्टे नकोच आहे, भाड्याचा फ्लॅट नाहीतर व्हिला हवा आहे. जाहिरातवाले या गोंधळात भरच घालतात. कळंगुट-कांदोळीतल्या कुलूपबंद टू-बीएचकेलाही ते बिनदिक्कत होमस्टे म्हणतात.

होमस्टे म्हणजे काय ते बहुतेकांना ठाऊक आहे. तारकर्ली, गुहागर, दिवेआगरला सरकारी निवास व न्याहारी योजनेतली घरं असतात, त्यातलाच हा प्रकार. घरमालकाचं कुटुंब तिथंच राहतं, आपल्याला एखाद-दोन खोल्या मिळतात, सकाळी सांगितलं की दुपारी ताट वाढलेलं असतं. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. एसी, वायफाय, टीव्हीवरून तुलना करत बसू नका. हे सगळं दोन्हीकडे असतं किंवा दोन्हीकडे नसतं.

विचारायचा प्रश्न एकच आहे. रात्री अकराला नळाचं पाणी गेलं तर दार कुणाचं वाजवणार? होमस्टेत मालकाचं. फ्लॅटमध्ये कुणाचंच नाही, कारण मालक बहुतेक वेळा दुसऱ्याच शहरात असतो आणि किल्ली देणारा केअरटेकर एकटा बरेच फ्लॅट सांभाळतो. होमस्टेत जी कामं मालकीणबाई न सांगता उरकतात, ती फ्लॅटमध्ये तुमच्या गळ्यात पडतात. ती गोव्यात पोचल्यावर नाही, सोलापुरात बसूनच निस्तरायची असतात.

सगळ्यात जास्त फसवतं ते स्वयंपाकघर. फोटोत ओटा चकचकीत दिसतो, प्रत्यक्षात दोन पातेली, एक फ्रायपॅन आणि चार कप असतात. म्हणून पैसे भरायच्या आधी कपाटं उघडून व्हिडिओ मागा आणि नेमकं विचारा: गॅस आहे की इंडक्शन? सिलिंडर भरलेला आहे का, संपला तर कोण आणून देणार? कुकर किती लिटरचा? इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमची पातेली आणि कढई तापणारच नाहीत. घरचा लोखंडी तवा तापतो, पण त्याचं बूड खोलगट असेल तर भाकरी मधोमध करपते आणि कडेला कच्ची राहते. शिवाय ती फुगवायला खाली जाळ नाही. ज्वारीचं पीठ घेऊन निघालेल्यांनी आधी गॅसची खात्री करावी, नाहीतर सरळ कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून न्यावी. कडक भाकरी आपल्याकडच्या कोरड्या हवेत कित्येक दिवस टिकते, समुद्राच्या दमट हवेत उघडी ठेवली तर लवकरच चामट होते. घट्ट झाकणाचा डबा घ्या, कापडात गुंडाळून नेऊ नका.

दुसरं काम पाण्याचं. इथं सोलापूरकर बाकीच्यांपेक्षा सावध असतो. टाकी किती लिटरची हे विचारायला त्याला शिकवावं लागत नाही. पण पिण्याच्या पाण्याचं विसरतो. किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरी-बोअरचं पाणी मचूळ असतं, त्यामुळे फ्लॅटमध्ये वीस लिटरचा जार ठेवलेला असतो. दहा माणसं, माणशी तीन लिटर, म्हणजे पिण्यालाच तीस लिटर झाले, स्वयंपाक वेगळाच. पहिल्याच दिवशी दोन जार लागतात. जारवाल्याचा नंबर केअरटेकरकडून आधीच घेऊन ठेवा. इन्व्हर्टरवर काय काय चालतं हेही विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी दिवे आणि पंखे चालतात, एसी आणि गिझर नाही.

तिसरं काम पोचण्याच्या वेळेचं. रात्री सोलापूर सोडायचं आणि पहाटे गोव्यात उतरायचं, ही आपली आवडती पद्धत होमस्टेत खपून जाते. मालक ओसरीवर बॅगा ठेवून घेतो, चहाही मिळतो. फ्लॅट दुपारी दोनच्या आधी हातात येत नाही, कारण आधीचे पाहुणे सकाळी अकराला निघतात आणि मग साफसफाई होते. म्हातारी माणसं आणि लेकरं घेऊन पहाटेपासून गाडीत बसून राहायचं असेल तर खुशाल रात्री निघा. त्यापेक्षा पहाटे चारला निघा. विजयपूर-बेळगावमार्गे चारशेहून जास्त किलोमीटर आहे, थांबत-थांबत गेलात तरी चोर्ला घाट उजेडी उतरता येतो आणि खोली तयार मिळते. विमानाने जाणार असाल तर उतरायचं मोपाला आहे की दाबोळीला ते बघून घर निवडा. मोपा उत्तर टोकाला पेडण्यात आहे. तिथं उतरून पाळोळ्यात घर घेतलंत तर आख्खा गोवा ओलांडावा लागतो आणि टॅक्सीचं भाडं डोळ्यांत पाणी आणतं.

ॲडव्हान्स आणि डिपॉझिट या दोन्हींना लोक एकच समजतात. ॲडव्हान्स भाड्यातून वजा होतो, डिपॉझिट जाताना परत मिळतं. ते परत मिळावं म्हणून आत शिरल्या शिरल्या प्रत्येक खोलीचा, गादीचा, टीव्हीचा, फुटक्या टाइलचा व्हिडिओ काढून केअरटेकरला पाठवून द्या. होमस्टेत याची गरज सहसा पडत नाही. आणि नुसते फोटो बघून कुणाच्या खासगी नंबरवर पूर्ण रक्कम पाठवू नका. दुसऱ्याच्याच व्हिलाचे फोटो दाखवून पैसे उकळणारे बरेच आहेत. व्हिडिओ कॉलवर फाटकापासून आतपर्यंत घर दाखवायला सांगा. गोव्यात पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या घराची पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, १९८२ चा कायदाच आहे तसा. नोंदणी क्रमांक विचारला की खोटा माणूस लगेच विषय बदलतो.

"बीचपासून पाच मिनिटं" यावर तर बंदीच घालायला हवी. पाच मिनिटं चालत की गाडीने? नकाशावर मीटर मोजा.

आता पैसे. होमस्टेचा दर खोलीला नाहीतर माणशी, फ्लॅटचा दर आख्ख्या घराला असतो आणि वर साफसफाईचे एकदाच लागतात. समजा दर ६,००० आणि साफसफाई १,५००. एका रात्रीला ७,५०० पडले, तीन रात्रींना १९,५००, म्हणजे रात्रीला ६,५००. फ्लॅट एका रात्रीसाठी घेऊच नये तो यासाठी. जीएसटीचीही एक खोच आहे. रात्रीचा दर ७,५०० पर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, त्याच्या वर गेला की १८ टक्के, आणि हा दर एका युनिटवर, म्हणजे एका खोलीवर नाहीतर आख्ख्या घरावर बघतात, माणशी नाही. दहा जणांनी मिळून १२,००० चा व्हिला घेतला तर माणशी बाराशेच पडतात, पण कर लागतो १८ टक्क्यांनी. जाहिरातीतला आकडा करासकट आहे का, हे लेखी विचारा.

दोन रात्री आणि सोबत थकलेली माणसं असतील तर होमस्टेच घ्या, दुसरा विचार नको. तीन रात्रींच्या पुढे, सहापेक्षा जास्त माणसं आणि ओट्यापाशी उभं राहायला दोघं-तिघं खरोखर तयार असतील, तरच फ्लॅट. घरातल्या एकाच बाईने सुट्टीतही दहा जणांचं रांधायचं असेल तर तिला आधी विचारा.