लाकडी डेकची तपासणी

घराच्या बाहेरील भिंतीला लागून जमिनीपासून उंचावर उभारलेल्या आणि बहुधा छत नसलेल्या लाकडी मंचाला डेक म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील स्वतंत्र घरांच्या मागील बाजूस असा डेक सर्रास आढळतो. तेथे घर विकत घेणारा माणूस व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी सामान्यतः स्वतःच्या खर्चाने गृहनिरीक्षकाकडून घराची पाहणी करवून घेतो. डेकमधील दोष शोधणे आणि ते खरेदीदाराला लेखी अहवालाद्वारे कळवणे, हा या पाहणीचाच एक भाग असतो. अशा निरीक्षकांची अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स ही व्यावसायिक संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली.

डेकची रचना वरवर पाहता साधी असते. पायावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर जॉइस्ट म्हणजे समांतर वासे आणि त्यांवर फळ्या, असा भार क्रमाक्रमाने जमिनीत उतरतो. मात्र घराकडील बाजूस बहुधा खांब नसतात. तेथे वाशांची टोके लेजर नावाच्या आडव्या फळीला टेकलेली असतात आणि ती फळी घराच्या चौकटीला जोडलेली असते. डेकचा सुमारे अर्धा भार या एका सांध्यावर येत असल्याने जाणता निरीक्षक फळ्यांचा रंग पाहण्याआधी डेकखाली जाऊन लेजर पाहतो.

लेजर केवळ खिळ्यांनी ठोकलेला असणे हा जुन्या डेकमधील सर्वांत गंभीर दोष मानावा लागेल. खिळा आडवा भार बऱ्यापैकी पेलतो, परंतु त्याच्या लांबीच्या दिशेने ओढ बसली की तो सहज उपसला जातो. शिवाय पावसाने फुगणारे आणि उन्हाने आकसणारे लाकूड त्याची पकड वर्षानुवर्षे सैल करीत राहते. म्हणून येथे अर्धा इंच व्यासाचे बोल्ट किंवा जाड लॅग स्क्रू वापरतात. लेजरच्या वरच्या कडेला पाणी अडवणारी पत्र्याची पट्टी नसेल, तर पाणी लेजर व भिंत यांमध्ये झिरपून तेथे बुरशी वाढते आणि बोल्ट शाबूत असले तरी ते ज्या लाकडात रुतले आहेत तेच कुजते. ज्या दारातून डेकवर जातात त्याच्या उंबऱ्याखाली अशी कूज विशेषेकरून आढळते. विटांच्या शोभेच्या आवरणावर लेजर टेकवणे हाही दोषच होय, कारण ते आवरण असा भार घेण्यासाठी बांधलेले नसते.

खांबाला शेजारून नुसती बोल्टने लटकवलेली तुळई, जमिनीत थेट गाडलेला खांब, गोठणाऱ्या मातीच्या थरापेक्षा उथळ पाया आणि जॉइस्ट पेलणाऱ्या धातूच्या हँगरमधील रिकामी भोके हे दोषही वारंवार दिसतात. हँगरमध्ये ठरावीक खिळ्यांऐवजी साधे, ठिसूळ स्क्रू वापरले असतील तर तेही नोंदवावे लागते. २००३ च्या अखेरीस आर्सेनिकयुक्त संरक्षक द्रव्याने प्रक्रिया केलेले लाकूड अमेरिकेत घरगुती बांधकामातून मागे घेण्यात आले. त्याच्या जागी आलेल्या, तांब्याचे प्रमाण अधिक असलेल्या द्रव्यांमुळे साध्या पोलादाचे खिळे व हँगर लवकर गंजतात. त्यामुळे जस्ताचा जाड मुलामा दिलेली किंवा स्टेनलेस स्टीलची जोडणी आवश्यक ठरते.

कठडे व पायऱ्या यांसाठी इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड या आदर्श नियमावलीतील मापे प्रमाण मानतात. स्थानिक प्रशासने ती काही फेरफारांसह स्वीकारतात. डेक जमिनीपासून ३० इंचांहून (सु. ७६ सेंमी.) उंच असल्यास किमान ३६ इंच उंचीचा कठडा लागतो. कठड्याच्या गजांमधून ४ इंच व्यासाचा गोल पार जाता कामा नये, कारण लहान मूल त्यातून निसटू शकते. कठड्याच्या माथ्याने २०० पौंडांचा (सु. ९१ किग्रॅ.) भार सोसला पाहिजे. निरीक्षक तो भार मोजून लावीत नाही. तो हाताने कठडा हलवून पाहतो, आणि वाशाला केवळ खिळ्यांनी जोडलेला खांब तेवढ्यानेही डुलतो.

शिकागोत २९ जून २००३ रोजी लाकडी पोर्च कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले, तर बर्कली येथे १६ जून २०१५ रोजी कुजलेली बाल्कनी तुटून ६ जणांचा मृत्यू झाला. काटेकोरपणे पाहता दोन्ही ठिकाणी डेक नव्हता, पण लाकडी जोडणी आणि ओल यांचे प्रश्न तेच आहेत. बर्कलीच्या घटनेनंतर कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये तीन किंवा अधिक निवासांच्या इमारतींसाठी अशा भागांची नियतकालिक तपासणी बंधनकारक केली. एकल कुटुंबाच्या घराचा डेक मात्र या कायद्याबाहेर राहतो, आणि मूळ परवान्यानंतर त्याच्याकडे कोणी जाणकाराने पाहण्याची वेळ अनेकदा घर विकताना येते.

अहवालाची भाषा हा या कामाचा नाजूक भाग आहे. ‘डेकची पुढील तपासणी करावी’ एवढ्याच वाक्याने निरीक्षक स्वतःला सुरक्षित करतो, खरेदीदाराला नव्हे. लेजरवर फक्त खिळे दिसले, बोल्ट आढळले नाहीत, त्यामुळे डेक घरापासून सुटून कोसळू शकतो, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत त्यावर गर्दी करू नये आणि परवानाधारक कंत्राटदाराकडून काम करून घ्यावे, असे छायाचित्रासह लिहिले तरच खरेदीदाराला दुरुस्ती मागता येते किंवा किमतीत सूट मागता येते. जुना डेक आजच्या नियमांत बसत नाही म्हणून त्याला बेकायदा म्हणता येत नाही, कारण तो बांधताना तो नियम नसेलही. धोका मात्र धोका म्हणूनच लिहावा. तपासलेल्या भागाची दुरुस्ती मोबदला घेऊन निरीक्षकाने स्वतः करू नये, असे बंधन वर उल्लेखिलेल्या संघटनेच्या आचारसंहितेत पाहणीनंतर एक वर्षापर्यंत घातलेले आहे.

ही पाहणी मुख्यतः डोळ्यांनी केलेली असते. टोकदार आरी टोचून मऊ पडलेले लाकूड कळते आणि ओलावामापकाने ओल दिसते, पण फळ्या उचकटण्याचा अधिकार निरीक्षकाला नसतो. डेक बर्फाखाली असेल, खालची बाजू जाळीने बंद असेल किंवा लेजर भिंतीच्या आवरणाआड असेल, तर कोणता भाग पाहता आला नाही आणि का, हे अहवालात त्या भागाच्या नावानिशी नोंदवले जाते.