दरवाजाचं चित्र नको, कुंडली हवी

मागे एका हॉटेलच्या थ्रीडी कॉम्प्युटर मॉडेलसाठी मी नेटवरनं फुकटातला एक नळ उतरवला, दिसायला झकास, पण सगळ्या बाथरूममध्ये टाकल्यावर कॉम्प्युटर जो हँग झाला तो झालाच. नंतर बघितलं तर कुणा हौशी माणसाने नळाच्या आतल्या स्क्रूचे आटेसुद्धा मॉडेल केलेले! आणि पाइपचा साइज काय, कंपनी कोणती, याचा मात्र पत्ता नाही.

बिममध्ये, म्हणजे इमारतीचं माहितीसकट थ्रीडी मॉडेल बनवण्याच्या पद्धतीत, नेमका हाच घोळ होतो. साध्या कॅड प्लॅनमध्ये दरवाजा म्हणजे एक रेघ आणि पाव वर्तुळ, बास. बिममध्ये तोच दरवाजा स्वतःची माहिती घेऊन फिरतो, रुंदी, उंची, मटेरियल, आग लागली तर किती मिनिटं तग धरेल वगैरे. असे तयार दरवाजे, खिडक्या, पंप, नळ एकत्र ठेवले की झाली लायब्ररी. अशी एकेक तयार वस्तू म्हणजे कंपोनंट, रेव्हिट या बिम सॉफ्टवेअरवाले त्याला फॅमिली म्हणतात.

आता गंमत बघा, एकाने 'फायर रेटिंग' लिहिलं, दुसऱ्याने 'एफआर', तिसऱ्याने नुसतंच 'आग'. माणसाला कळतं हो, सॉफ्टवेअरसाठी या तीन वेगळ्या गोष्टी, त्यामुळे ६० मिनिटांचे दरवाजे किती असं विचारलं की यादी अर्धवट येते. म्हणून आयएफसी नावाचा खुला फॉरमॅट आहे (२०१३ पासून आयएसओ १६७३९ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड), त्यात दरवाजाच्या कॉमन गुणधर्मांची नावं आधीच ठरवून दिलीयेत, फायर रेटिंग त्यातच येतं.

ब्रिटनने हे लवकर मनावर घेतलं. २०११ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की २०१६ पर्यंत केंद्र सरकारच्या बांधकामांना बिम लागणार, २०१२ मध्ये नॅशनल बिम लायब्ररी आली आणि २०१४ मध्ये एनबीएसने (बांधकामाच्या स्पेसिफिकेशनचं काम करणारी तिथली संस्था) कंपोनंट कसा बनवायचा याचं स्टँडर्डच काढलं. नाव कसं द्यायचं, कुठली माहिती भरायची, आकारात किती बारकावे हवेत, सगळं त्यात. माझ्या मते बारकाव्यांचा भाग सगळ्यात कामाचा, कारण ज्याला त्याला आटे काढायची हौस असते.

अजून एक बारीकशी पण डोकं उठवणारी गोष्ट म्हणजे इन्सर्शन पॉइंट, कंपोनंट मॉडेलमध्ये ज्या बिंदूला धरून बसतो तो. आधी साधा दरवाजा लावलाय आणि नंतर कंपनीचा खरा आणून बदललाय, दोघांचे पॉइंट वेगळे असले की दरवाजा भिंतीतून सरकून भलतीकडेच! आपल्या नागपूर मेट्रोत ५डी बिम वापरलं, म्हणजे थ्रीडीला वेळ आणि खर्च जोडलेला, तर अशा ठिकाणी कंपोनंटमधली चूक चित्रापुरती राहत नाही, थेट हिशोबात शिरते.

लायब्ररी बनवण्यापेक्षा सांभाळणं जास्त किचकट. २०२० मध्ये आलेलं आयएसओ २३३८६ त्यासाठीच आहे, गुणधर्म नवीन कुणी घालायचा, बदलायचा कसा, बाद कसा करायचा याचे नियम त्यात आहेत आणि प्रत्येक गुणधर्माला स्वतःचा युनिक आयडी. नाव सारखं असलं तर आयडी कशाला, असं मलाही वाटायचं. पण रेव्हिटमध्ये दोन ऑफिसांनी आपापला 'फायर रेटिंग' नावाचा शेअर्ड पॅरामीटर (अनेक फाइलींत वापरता येणारा गुणधर्म) बनवला ना, तर नाव तेच असूनही आतला आयडी वेगळा, त्यामुळे ते दोन पॅरामीटर यादीच्या तक्त्यात एका कॉलममध्ये येतच नाहीत. आणि हा आयडी असतो कुठे, तर एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, जी नेमकी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या डेस्कटॉपवर सापडते.