सामूहिक वनहक्काचा दावा कुठे अडतो?

गावाने पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दिला. मोह, तेंदू, बांबू गोळा करून विकण्याचा हक्कही याच कायद्यातला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने तो 2009 मध्ये मिळवला. बाकी कित्येक गावांचे दावे ‘त्रुटी’ असा शेरा घेऊन परत येतात.

पहिली गफलत अर्जाच्या नमुन्याची. कसत असलेल्या जमिनीसाठी ‘अ’, चराई-वनोपजासारख्या सामूहिक वापरासाठी ‘ब’, जंगलाच्या राखणीसाठी आणि व्यवस्थापनासाठी ‘क’. ‘ब’ भरला म्हणजे सगळं झालं, असं समजू नका.

गावाच्या वतीने दावे घेऊन तपासणारी वनहक्क समिती 10 ते 15 जणांची, ग्रामसभेतच निवडायची. ठरावाच्या सभेला ग्रामसभेचे निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. सह्या सभेतच घ्या. मागाहून घरोघरी फिरून गोळा केलेल्या सह्या ओळखू येतात.

आता पुरावे. जुना सरकारी नकाशा नाही म्हणून गावं वर्षानुवर्षं थांबतात आणि कार्यालयंही तोच मागत बसतात. खरं तर अमुकच कागद हवा असा हट्ट ग्रामसभेनंतर दावा तपासणाऱ्या उपविभागीय किंवा जिल्हा समितीला धरता येत नाही, या कायद्याच्या नियमांतला नियम 12अ तसं स्पष्ट सांगतो. निस्तार पत्रक (गावाच्या चराई-लाकूडफाट्यासारख्या हक्कांची जुनी नोंद), देवराई, स्मशानभूमी, पाणवठे, चराईच्या जागा, दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, हे सगळं चालतं. मात्र एकाच पुराव्यावर भागत नाही, किमान दोन जोडा. शेजारच्या गावाशी हद्दीचा वाद असेल तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून आधीच मिटवा.

कायद्यातली 13 डिसेंबर 2005 ही अर्जाची शेवटची तारीख नव्हे! त्या दिवशी जमीन ताब्यात होती का, हे ‘अ’ दाव्यात पाहतात. दाव्यांची तीन महिन्यांची मुदतही ग्रामसभा कारण नोंदवून वाढवू शकते.

स्थळपाहणीची नोटीस वन आणि महसूल, दोन्ही खात्यांना द्या आणि पोच जपून ठेवा. ‘आम्ही हजर नव्हतो’ असा आक्षेप नंतर आला तर फेरपाहणी होते. तेव्हाही त्या खात्यांचे अधिकारी आले नाहीत तर स्थळपाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम.

दावा वनरक्षकाने किंवा ग्रामसेवकाने ‘बसत नाही’ म्हणून परत दिला तर तो नकार धरू नका, तो अधिकार त्यांना नाही. उपविभागीय समितीचा नकार कारणांसह लेखी मागा. तिथून 60 दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे अपील करता येतं.