बांधलेले इंजिन पुन्हा का वाजते?

टर्बो पेट्रोल गाडीचे इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधले, क्रँक (पिस्टनच्या ये-जा हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) घासून घेतला, नवी बेअरिंग्ज बसवली, काही आठवडे गाडी नीट चालली आणि मग अनमोड घाट चढताना बॉनेटखालून खोल ठोक्यांचा आवाज येऊ लागला, अशी तक्रार फोंडा, म्हापसा किंवा मडगाव येथील गॅरेजवाल्यांना नवी नाही. अशा वेळी ‘बेअरिंग हलक्या मालाचे निघाले’ हा निष्कर्ष सर्वांत आधी निघतो आणि तो बहुधा चुकीचा असतो. नवे बेअरिंग स्वतःच्या दोषाने क्वचितच जाते. ते कशामुळे गेले हे न शोधता त्याच जागी दुसरे बसवले, तर तेही त्याच कारणाने जाते, आणि कारण शोधण्याचा सर्वांत चांगला पुरावा, म्हणजे ते झिजलेले बेअरिंग, तोवर भंगारात गेलेले असते.

क्रँकशाफ्टचे हे बेअरिंग गोळ्यांचे नसते. दोन अर्धवर्तुळाकार शेल मिळून ते बनते: पाठ पोलादाची, तिच्यावर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियम-कथिलाचा मिश्रधातू आणि जास्त भाराच्या पुष्कळ इंजिनांत त्यावर काही मायक्रॉन जाडीचा आणखी मऊ थर. क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत गोल भाग म्हणजे जर्नल. साधारण 50 मिलिमीटर व्यासाच्या जर्नलभोवती सुमारे 0.05 मिलिमीटर मोकळीक ठेवतात. जर्नल फिरताना ऑइल या फटीत ओढले जाते आणि जर्नलला धातूपासून अलग उचलून धरते. मुसळधार पावसात वेगाने जाणारा टायर रस्त्यावरच्या पाण्यावर तरंगतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे. रेल्वेच्या आसांची बेअरिंग्ज तपासताना ब्यूचॅम्प टॉवर या इंग्रज अभियंत्याला 1880 च्या दशकाच्या आरंभी असे दिसले की, बेअरिंगच्या माथ्यावरील भोकात ठोकलेली लाकडी खुंटी ऑइलच्या दाबाने बाहेर ढकलली जाते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये या दाबाचे गणित मांडले. त्यातून निघणारी एक गोष्ट अनेक अनुभवी मेकॅनिकनाही ठाऊक नसते: जर्नलवरचा भार पंपाचा दाब पेलत नाही, तर फिरण्यातून निर्माण झालेला दाब पेलतो, आणि पंप फक्त ऑइल पुरवत राहतो. भार वाढला, वेग कमी झाला किंवा ऑइल पातळ झाले की हा थर पातळ होतो. वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, टर्बोचा पूर्ण दाब घेत घाट चढणे म्हणजे या तिन्ही गोष्टी एकदम घडवून आणणे होय.

निदानाची सुरुवात कानाने होते. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कॅमशाफ्टच्या गतीने, म्हणजे क्रँकच्या निम्म्या गतीने येतो, तर पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका क्रँकच्या गतीने वाजतो. पिस्टनची खटखट इंजिन गरम झाल्यावर कमी होते, पण बेअरिंगचा आवाज ऑइल पातळ झाल्यामुळे वाढतो. एकेका सिलिंडरचा इंजेक्टर किंवा प्लग तात्पुरता बंद केल्यावर ज्याच्या बाबतीत ठोका मवाळ होतो, त्या रॉडवर संशय पक्का होतो. मात्र ही चाचणी काही सेकंदांतच आटोपावी. सैल बेअरिंगवर इंजिन चालू ठेवणे म्हणजे जर्नलचाही बळी देणे.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नये, कारण दाब अगदीच कोसळल्याशिवाय तो लागत नाही. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी साधा यांत्रिक गेज लावून गरम इंजिनाचा दाब मोजावा. बेअरिंगच्या कडांतून निसटणारे ऑइल मोकळिकीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मोकळीक दुप्पट झाली, तर गळती आठपट होते. एखाद-दुसरे बेअरिंग झिजल्यावर आयडलवरचा दाब एवढा का घसरतो, त्याचे उत्तर या घनात आहे.

त्यानंतर ऑइल फिल्टर कापावा, पण हॅकसॉने नव्हे, कारण करवतीचा चुरा आत पडून सगळाच घोळ होतो. कागदाच्या घड्या उलगडून चुंबक फिरवला की पोलादाचे कण वेगळे होतात. तांबूस किंवा चंदेरी पत्र्या मागे उरल्या, तर त्या बेअरिंगच्या थरांच्या असण्याची शक्यता मोठी.

खरी माहिती मिळते ती शेल काढून क्रमाने मांडल्यावर. फक्त रॉडचे वरचे शेल घासलेले आणि खालचे जवळजवळ नवे असेल, तर ज्वलनाचा अवाजवी भार पडला आहे. लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी फेऱ्यांवर ठिणगीपूर्वीच होणारे ज्वलन किंवा कोणीतरी वाढवून दिलेला बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, हे संशयित ठरतात. वरच्या शेलच्या एका कडेला आणि खालच्या शेलच्या विरुद्ध कडेला झीज दिसली, तर रॉड वाकलेला आहे. पृष्ठभागावर एकच चकचकीत ठिपका असेल, तर शेल उलटून पाठ पाहावी; तेथे बहुतेक वेळा मातीचा किंवा धातूचा कण दबलेला सापडतो. पाठ सर्वत्र घासून चमकत असेल, तर शेल रॉडमध्ये घट्ट बसले नव्हते. मोकळीक कमी करण्यासाठी कॅप (रॉडच्या भोकाचा बोल्टने जोडलेला खालचा अर्धा भाग) कानशीने घासण्याची जुनी सवय येथे गोत्यात आणते: त्याने भोक लंबगोल होते आणि एक दुखणे मिटवताना दुसरे तयार होते.

सगळ्याच शेलमध्ये बारीक कण रुतलेले असतील, तर ते कोठून आले हा प्रश्न उरतो, आणि टर्बो इंजिनात तोच सर्वांत रंजक आहे. लहान टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेऱ्या घेऊ शकतो आणि त्याला ऑइल मुख्य गॅलरीतून (इंजिनच्या ब्लॉकमधील ऑइलच्या वाहिनीतून), फिल्टरनंतर मिळते. तेथून ते चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्यात, उतरते आणि पुन्हा पंपामार्गे फिल्टरकडे जाते. म्हणजे टर्बो आधी गेला असेल, तर त्याचा चुरा प्रथम पंपात आणि फिल्टरमध्ये सापडला पाहिजे. क्रँकपर्यंत तो फिल्टर तुंबल्यावर ऑइलला वळसा देणारा बायपास व्हॉल्व्ह उघडला तरच पोचेल. याउलट पंपाच्या दातांवर ओरखडे नाहीत, फिल्टरमध्ये फारसे काही नाही, पण शेल मात्र कणांनी भरलेले आहेत, असे असेल, तर घाण फिल्टरच्या पुढे, गॅलरीत आधीपासूनच होती. क्रँक घासल्यावर त्याच्या ऑइलच्या भोकांत राहिलेला ग्राइंडिंगचा चुरा किंवा गॅलरीचे प्लग न काढता केलेली धुलाई ही त्याची नेहमीची कारणे. ऑइल कूलर फिल्टरनंतर असेल, तर मागच्या बिघाडाचा चुरा त्याच्या बारीक वाहिन्यांत दडून बसतो आणि नव्या इंजिनात सुटतो.

गोव्यात यात पावसाळ्याची भर पडते. घासून चकाकी दिलेला जर्नल, सुटे भाग येईपर्यंत, खारट दमट हवेत ऑइलचा हात न लावता उघडा ठेवला, तर त्यावर लवकरच गंज धरतो. मग तो एमरी पेपरने हाताने घासला जातो. जर्नलचा गोलपणा जातो आणि एमरीचे कण ऑइलच्या भोकांत शिरतात. डिचोली किंवा सत्तरी भागातील तांबड्या धुळीत फिरणाऱ्या गाडीत टर्बोच्या आधीची हवेची नळी सैल राहिली, तर तीच धूळ सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरते.

पुन्हा बांधताना जर्नल मायक्रोमीटरने दोन ठिकाणी आणि दोन दिशांनी मोजावा, रॉडचे भोक लंबगोल झाले आहे का ते पाहावे आणि मोकळीक प्लास्टिगेजच्या, म्हणजे दाबून किती चपटा झाला ते मोजायच्या मऊ प्लास्टिकच्या, धाग्याने पडताळावी. मेन बेअरिंगचे (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगचे) ऑइलचे भोक असलेले शेल वरच्याच बाजूला बसले आहे, याची खात्री करावी. अदलाबदल झाली, तर ऑइलची वाट बंद होते. कूलर धुण्याच्या भानगडीत न पडता बदलावा असे माझे मत आहे, कारण धुतल्यानंतर तो स्वच्छ झाला की नाही हे डोळ्यांनी पाहता येत नाही. टर्बोच्या ऑइलच्या नळीचेही तेच. इंधन बंद ठेवून, गेजवर दाब दिसेपर्यंत इंजिन केवळ स्टार्टरने फिरवावे आणि मगच सुरू करावे. पहिला फिल्टर काही शे किलोमीटरांत काढून तोही कापून पाहावा: चुंबकाला लागलेली थोडी बारीक भुकटी रिंगांच्या सुरुवातीच्या झिजेची असते, पण तांबूस पत्र्या दिसल्या, तर इंजिन त्याच दिवशी पुन्हा खोलावे.