राजपामचं पान आणि ताइनो भाषा

२८ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस क्युबाच्या किनाऱ्याला लागला. त्या दिवसाच्या रोजनिशीत पाम झाडांचा उल्लेख आहे: पानं फार मोठी, इथले लोक त्यांनीच घरं शाकारतात. घरांत त्याला पामच्या धाग्यांची जाळी आणि दोरही सापडले. हा ताइनो लोकांचा मुलूख होता. क्युबा, हिस्पॅनिओला, जमैका, पोर्टो रिको या बेटांवर त्यांची वस्ती होती. घराला त्यांचा शब्द बोहिओ.

या बेटांवरचा राजपाम आपल्याकडे बागांत, इमारतींच्या दारात ‘बॉटल पाम’ म्हणून लावलेला दिसतो. त्याच्या पानाचं बूड रुंद होऊन खोडाभोवती घट्ट गुंडाळलेलं असतं. आतून नवी पानं वाढतात, तसं सगळ्यात बाहेरचं बूड फाटतं आणि अख्ख्या झावळीसकट गळून पडतं. याच बुडाला यागुआ म्हणतात. कोकणातल्या माणसाला पोफळीची विरी आठवेल, आणि ते साम्य वरवरचं नाही, कारण दोन्ही झाडं पामच्या एकाच उपकुळातली आहेत. यागुआत चिवट तंतू लांबीच्या दिशेने शेजारी शेजारी बसलेले असतात. म्हणून ती ताण सोसते, भिजवली की हवी तशी वळते आणि वाळल्यावर तो आकार धरून ठेवते. भिंतीला, छपराला, सामान बांधायला ती वापरात आली. त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

छपरासाठी पंख्यासारख्या पानांचे पामही चालत. अशा पानाला मुळातच घड्या असतात, एकावर एक थर दिले की पाणी घड्यांवरून ओघळून जातं. शाकारणीच्या पानांना क्युबात आजही ग्वानो म्हणतात, आणि टोप्या विणायच्या पामला यारेई. यागुआप्रमाणेच हे शब्दही ताइनोंकडून आलेले मानले जातात.

स्पॅनिश अमलाखाली रोगराई आणि सक्तीच्या मजुरीने ताइनो समाज काही दशकांतच उद्ध्वस्त झाला. त्यांची भाषा बोलली जाईनाशी झाली. तरीही हे शब्द टिकले, कारण माझ्या मते ती कामं थांबली नाहीत. खेड्यातला नवा शेतकरीही त्याच पानांनी घर शाकारत होता, मग पानाचं नावही त्याने तेच घेतलं.

क्युबात वाळवलेल्या तंबाखूचे गठ्ठे आजही भिजवून मऊ केलेल्या यागुआत बांधून मुरायला ठेवतात. तंबाखूचं पीकही तिथे ताइनोच घेत असत.