नाका, कट्टा आणि टाइमटेबल: मुंबईच्या कॉलेजजीवनाची पार्श्वभूमी

'कॅम्पस' म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला झाडी, वसतिगृहं आणि सायकली आठवतात. मुंबईतल्या बहुतेकांच्या वाट्याला यातलं काहीच आलेलं नाही. त्यांचं कॉलेज म्हणजे लोकलचा पास, दोन लेक्चरांमधला रिकामा तास आणि गेटबाहेरचा नाका.

याची मुळं विद्यापीठाच्या जन्मातच सापडतात. १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर बेतलेलं होतं. शिकवायचं कॉलेजांनी आणि परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने, अशी वाटणी. १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिल्या तुकडीत पदवीधर झाले, तेव्हा राजाबाई टॉवरचा पत्ताही नव्हता. तो पुरा झाला १८७८ मध्ये. विद्यापीठाचा पसारा मात्र कराचीपासून धारवाडपर्यंत होता. १९४७ मध्ये सिंध सुटला, १९४८-४९ मध्ये पुणे, गुजरात आणि कर्नाटक विद्यापीठं वेगळी झाली आणि मुंबईकडे हे शहर आणि कोकण उरलं.

तोवर कॉलेजं शहरात उत्तरेकडे सरकू लागली होती. एल्फिन्स्टन, विल्सन, झेवियर्स ही सगळी दक्षिण टोकाला. १९२३ मध्ये व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था भायखळ्याहून माटुंग्याला आली, १९३७ मध्ये रुइया आणि खालसा, १९४१ मध्ये पोदार, १९५२ मध्ये रुपारेल आणि १९५४ मध्ये दादरला कीर्ती. दादर-परळच्या चाळीतला मुलगा आता चालत कॉलेजला जाऊ शकत होता. मराठी वाङ्मय मंडळं, भित्तिपत्रकं, वार्षिक अंक, एकांकिका हे सगळं या पट्ट्यात फोफावलं, त्याचं श्रेय माझ्या मते अभ्यासक्रमाइतकंच या चालत जाण्याच्या अंतराला आहे. घरी दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. तिथे परतायची घाई कुणाला असणार?

सिद्धार्थ कॉलेजची गोष्ट थोडी वेगळी. परळच्या चाळीत राहून एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले आणि १९१२ मध्ये बीए झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे ते जून १९४६ मध्ये सुरू केलं. तिथे वर्ग सकाळी भरत, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यालाही पदवी घेता येई. या विद्यार्थ्यांसाठी 'कॉलेज लाइफ' ऑफिस गाठायच्या आधीच उरकत असे. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात मात्र रात्री रात्री चर्चा रंगत. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिच्या घडणीत त्या खोल्यांचा वाटा मोठा आहे.

त्याच दशकात आणखी एक बदल झाला, ज्याची चर्चा कमी होते. पूर्वी अकरावीला एसएससी आणि मग कॉलेजची चार वर्षं: एफवाय, इंटर, ज्युनियर, सीनियर. १९७५ मध्ये दहावीच्या एसएससीची पहिली तुकडी बाहेर पडली आणि दहा-अधिक-दोन-अधिक-तीन सुरू झालं. कॉलेजच्या इमारतीत आता अकरावी-बारावीची, म्हणजे बोर्डाची मुलं आली. बारावीवर मेडिकल-इंजिनीअरिंगचा प्रवेश टांगलेला, त्यामुळे ही दोन वर्षं हळूहळू क्लासवाल्यांच्या घशात गेली. कॉलेजात नाव, प्रत्यक्षात दिवसभर क्लास हा 'इंटिग्रेटेड' प्रकार इतका बोकाळला की २०१८ मध्ये सरकारला विज्ञान शाखेच्या ज्युनियर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला.

दरम्यान विद्यापीठाने खराखुरा कॅम्पसही उभारायला घेतला. सांताक्रूझ पूर्वेला, कलिन्यात, सव्वादोनशे एकरांहून मोठी 'विद्यानगरी'. एकेक करत पदव्युत्तर विभाग फोर्टातून तिकडे गेले. पण आठशेहून जास्त संलग्न कॉलेजांतल्या बहुतेक मुलांना कलिना माहीत आहे ते परीक्षा भवनापुरतं. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, मार्कशीटमधली चूक, ट्रान्सक्रिप्ट. खिडकीसमोर रांग, हातात झेरॉक्सचा गठ्ठा आणि 'जेवणाची सुट्टी झाली' हे उत्तर.

नाक्यावरच्या राजकारणाचा शेवट कधी झाला, हे मात्र नेमकं सांगता येतं. विद्यार्थी निवडणुका सत्तर-ऐंशीच्या दशकांत चुरशीच्या होत गेल्या, मग हाणामाऱ्यांच्या झाल्या. १९८९ मध्ये ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक काढून गुणवत्तेवर नेमणूक आणली. वर्गात पहिला येणारा मुलगा आपोआप प्रतिनिधी. त्याला ते पद हवं असो वा नसो. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, २०१९ मध्ये वेळापत्रकही ठरलं, पण विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर त्या पुढे ढकलल्या गेल्या. मग करोना आला.

निवडणुकांची ऊर्जा फेस्टिव्हलांनी उचलली. पवईच्या आयआयटीत मूड इंडिगो १९७१ पासून आणि झेवियर्समध्ये मल्हार १९७९ पासून होतंच. उदारीकरणानंतर प्रायोजक आले आणि प्रत्येक कॉलेजला आपला फेस्ट हवासा झाला. 'मार्केटिंग टीम', 'फुटफॉल' (किती गर्दी झाली), 'सीएल' (कंटिंजंट लीडर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजच्या फेस्टला जाणाऱ्या संघाचा म्होरक्या) हे शब्द नाक्यावर रुळले. निवडणुकीत पॅनल उभं करणारा पोरगा आता कंटिंजंट घेऊन फिरू लागला.

एकांकिकेचं जग या सगळ्यात बऱ्यापैकी शाबूत राहिलं. आयएनटी (इंडियन नॅशनल थिएटर) ची स्पर्धा, युवा महोत्सव, २५ जानेवारीच्या रात्री रंगणारी 'सवाई' एकांकिका स्पर्धा. लेक्चरं संपल्यावर जिन्याखाली किंवा रिकाम्या वर्गात बाकं सरकवून तालीम, दाराशी किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभा असलेला वॉचमन आणि 'काका, शेवटचा एकच प्रवेश' ही विनवणी. मराठी रंगभूमी आणि मालिकांतले कितीतरी चेहरे या तालमींतून आले.

आज चणचण आहे ती या रिकाम्या वेळेची. १९९९-२००० च्या सुमारास बीएमएस (व्यवस्थापन), बीएमएम (मास मीडिया) यांसारखे स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे फीवरच चालणारे अभ्यासक्रम आले. फी वाढली, प्रोजेक्ट आणि प्रेझेंटेशनं वाढली. २०११-१२ पासून पदवीला क्रेडिट आणि सेमिस्टर पद्धत लागू झाली. वर्षातून एकदा मार्चमध्ये घाम फोडणारी परीक्षा आता दर सहा महिन्यांनी येते आणि राहिलेल्या विषयांसाठी एटीकेटीचा फॉर्म भरायची वेळही. त्यात घर कल्याण-विरारकडे सरकलेलं. रिकामा तास मिळाला तरी डोळे लोकलच्या वेळेवर. बसायच्या जागाही गेल्या. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार हे कॅफे २०१५ मध्ये बंद झालं, इराणी हॉटेलं त्याआधीपासूनच एकेक करून मिटत होती. कॉफी शॉपमध्ये एका कपावर दोन तास बसता येतं हे खरं, पण तो कप इराण्याच्या चहाच्या भावात मिळत नाही.

२०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आराखडा आला. त्यात एनएसएस, खेळ, सांस्कृतिक उपक्रम यांनाही क्रेडिट आहेत. लेक्चर बुडवून जे केलं जायचं, त्याची आता हजेरी लागणार आणि मार्कशीटवर नोंदही होणार. मुख्य भूमिका करणाऱ्याला किती आणि विंगेत उभं राहून सेट हलवणाऱ्याला किती, हे ठरवताना प्राध्यापकांची पंचाईत होणार हे उघड आहे.